बोरिंगभोवतीच्या खुणा

प्रगतीला सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागून चार वर्षं झाली होती, पण घरोघर जाऊन लोकांची शी मागायची पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेला खेड्यातल्या माणसांच्या आतड्यात कोणकोणते जंतू राहतात ते पाहायचं होतं, आणि त्यासाठी जे गाव निवडलं गेलं ते नेमकं तिचंच. लोक आधी हसले, मग चिडले, शेवटी तिच्या ओळखीखातर तयार झाले. तीस डब्या शेतकऱ्यांच्या घरांतून, तीस तिच्या स्वतःच्या बौद्ध वस्तीतून. नंबर टाकून, बर्फात घालून तिनं त्या रवाना केल्या.

पाच महिन्यांनी अहवाल आला. इंग्रजीतला मजकूर तिनं दोन दिवस बसून मराठीत उतरवला. शेतकऱ्यांच्या घरांत ज्वारीची भाकर, विकतच्या ज्वारीची का होईना, अजून टिकून होती, आणि त्यांच्या पोटात उपयोगी जंतूंचे नाना प्रकार सापडले होते. वस्तीत ते निम्मेच होते. तिथल्या लहान मुलांच्या पोटात घाण पाण्यातून येणारे रोगजंतू मात्र भरपूर. शेवटी उपाय दिले होते: ज्वारी खावी, आंबील प्यावी, पाणी उकळून घ्यावं.

शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. काही जंतू आपल्या भाकरीतल्या कोंड्यावर जगतात आणि आतडं धड ठेवतात, असं प्रगतीनं समजावून सांगितलं. मग उपाय वाचले. वाचता वाचताच तिला स्वतःचा आवाज परका वाटायला लागला.

समोर सखूबाई बसली होती. साठीची, आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेली. ती बसल्या जागेवरूनच बोलली.

"आंबील आमाले कोन शिकवून राह्यलं, पोरी? ज्वारी कापाले जात होतो तवा मजुरीत ज्वारीच भेटे. आता सारा कापूस. घरी रेशनचा तांदूळ शिजते. अन् पानी उकळाले जळतन कोन देते?"

प्रगतीची धाकटी बहीण अर्पिता लहानपणी महिन्यातले आठ दिवस जुलाबानं पडून असायची. मास्तर आईला सांगायचे, स्वच्छता ठेवा. आई भांडी घासून घासून हात सोलून घ्यायची, तरी पोर बारीकच राहिली. आईचंच काही चुकतंय, असं तेव्हा प्रगतीलाही वाटे. ते आठवून तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं वस्तीचा नकाशा काढला आणि आजारी मुलांच्या घरांवर, नावं न लिहिता, खुणा केल्या. जवळपास सगळ्या खुणा एकाच बोरिंगभोवती पडल्या. हातपंपाचा ओटा फुटलेला होता, आणि त्याला खेटून वरच्या आळीतल्या मोऱ्यांचं, गोठ्यांचं पाणी घेऊन नाली वाहत होती. तिनं पंपाचं पाणी तपासलं, त्यात शेणघाणीतले जंतू निघाले, आणि तो कागद घेऊन ती सुधाकररावांकडे गेली. सगळ्यात मोठा गोठा त्यांचा होता, आणि पंचायतीत शब्दही त्यांचाच चाले.

त्यांनी कागद लांब धरून पाहिला. नाली जुन्या लोकांनी काढलेली, त्यात माझा काय दोष, असं म्हणाले.

"काका, दोष कोनाचा ते मी विचारून नाही राह्यली," प्रगती म्हणाली. "तुमच्या गोठ्याचं पानी वस्तीतल्या लेकराइच्या पोटात जाऊन राह्यलं, एवढंच सांगाले आली."

दारात उभं राहून ऐकत असलेली त्यांची बायको लक्ष्मीबाई म्हणाली, "कापसाच्या वेचनीले त्याच लेकराइच्या आया आपल्या वावरात येते. नाली फिरवा."

फिरवायला उन्हाळा उजाडला. पंचायतीनं दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा वस्तीतल्या बाया कार्यालयात जाऊन बसल्या, तेव्हा कुठे पाइप पडले आणि ओटा बांधला गेला. त्या पावसाळ्यातही जुलाबाची मुलं दवाखान्यात आलीच, पण आधीच्या निम्म्याहून कमी. ज्वारीचं इतकं सोपं नव्हतं. रानडुकरं आणि पाखरं पीक ठेवत नाहीत म्हणून कोणी कापूस सोडेना. सुधाकररावांनी तेवढी दोन एकर पेरली आणि मागतील त्या बायांना मजुरीत ज्वारी दिली. वस्तीला ती दोन महिनेच पुरली.

प्रगतीनं हे सगळं हैदराबादला लिहून कळवलं. पुढच्या वेळी घरातलं धान्य कुठून येतं आणि पाणी कुठून, हेही विचारू, असं उत्तर आलं. तिनं ते सखूबाईला वाचून दाखवलं.

"इचारू दे," सखूबाई म्हणाली. "पन त्याइले म्हन, आयकाले सोता या."