बेटावरचं बारसं

या माउली, असे जवळ सरकून बसा. कीर्तन उठल्यावर बुक्का लावून घेता घेता ऐकावी, एवढीशीच गोष्ट आहे.

होडीतून उतरताना साळूबाईने तानुबाईचा, म्हणजे आपल्या नणंदेचा, हात घट्ट धरला. घोड धरणाच्या पाण्यात उरलेलं ते टेकाड. साळूबाईचा मुलगा सुदर्शन दोघी म्हाताऱ्यांना शिरूरहून रविवारच्या सहलीला घेऊन आला होता. सून अनुपमाने बाभळीखाली सतरंजी अंथरून डबे उघडले.

"आई, झकास हाय का न्हाई बेट?" सुदर्शन म्हणाला. "पुढच्या खेपंला इथं पर्यटकांसाठी तंबू असत्याल. ह्याच महिन्यात सगळीकडं काँक्रीट पडणार हाय."

साळूबाईच्या हातातला घास तसाच राहिला.

"सगळीकडं?"

"व्हय, पार पाण्यापतुर."

धरणाआधी या टेकाडाच्या पायथ्याला त्यांचं गाव होतं. साळूबाईचं पहिलं लेकरू बारशाच्या आदल्या दिवशी गेलं. पाळणा बांधलेला, घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातलेले. त्याला इथं वरती पुरून खुणेला काळा धोंडा रोवला. तानुबाई कुंची घेऊन पोचली ती थेट मातीलाच. नाव आत्याने ठेवायचं. तिने ते मनात धरलं होतं. सांगायला कान उरला नाही. पुढे तिने ते कधी उच्चारलं नाही, साळूबाईने विचारलं नाही. फक्त सांजेला देवापुढे घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन झाली, की साळूबाई जोडलेले हात लगेच सोडत नसे.

"वन्सं, चला जरा," ती उठली.

"थांबा, फोटो काढते!" अनुपमा हसली. "नणंद-भावजय बेटावर!"

"काढ. म्हातारी तेवढी वगळ," तानुबाई म्हणाली.

मोठ्या खडकाच्या आडोशाला काळा धोंडा अजून उभा होता. भोवती चिप्सच्या रिकाम्या पुड्या. साळूबाईने त्या मुकाट वेचून पदरात घेतल्या.

तानुबाई गुडघे धरत खाली बसली. धोंड्याला तोंड लावून "कुर्रर्र" म्हणाली, आणि पुढे काहीतरी पुटपुटली.

"मला बी ऐकू द्या की, वन्सं."

"मल्हारी." ती वाकलेलीच राहिली. "आता बाकीच्या बायांनी काय करायचं असतं, इसरलीस?"

साळूबाईचा हात वर गेला. आत्याच्या पाठीत एक धपाटा बसला. मग दुसरा. मग हात थांबेना.

अनुपमा पाण्याची बाटली घेऊन पळत आली.

"अगं बाई! आत्याबाईंना ठसका लागला का?"

"व्हय गं," साळूबाई म्हणाली. "लई दिसांचा अडकला व्हता."

होडी परत निघाली. मागे टेकाड लहान लहान होत गेलं.

आता तिथं काँक्रीट पडलंय म्हणतात. तर माउली, एवढं करा. कुणाच्या बारशाला गेलात आणि आत्याच्या पाठीत धपाटे पडू लागले, की त्यातला एक मल्हारीच्या नावाचा असू द्या.