सगळ्यांसाठी पुसलेला मेसेज

मी एक पुसलेला मेसेज बोलतोय. पुसलेल्याने बोलावं की नाही, याबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच सांगता येईल. पण विचार करत बसलो तर बोलणं राहूनच जाईल. हा स्वभाव मला माझ्या मालकांकडून मिळालाय.

तुम्ही मला पाहिलं असेल. गप्पांच्या मधोमध एक करडी, तिरकी ओळ असते, ‘हा मेसेज काढून टाकला आहे’. तो मी. माझ्या आजूबाजूला गुलाबाची फुलं, सोन्याचे भाव आणि सुप्रभात. माझा पत्ता फोनवरचा ‘झाशी बचत कट्टा’ हा ग्रुप.

या कट्ट्यावर झाशीत राहून गेलेली आणि राहून राहिलेली मराठी माणसं आहेत. कुणी कारखान्यातून निवृत्त झालेलं, कुणी जवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीतून. सगळे स्वतःला गुंतवणूकदार म्हणवतात. कट्ट्याचा एकच नियम आहे. राजकारण बोलायचं नाही. जो बोलेल, त्याने लक्ष्मी ताल या तळ्याजवळच्या देवळात सगळ्यांना बोलावून कचोरी खाऊ घालायची. म्हणून कुणी ‘सरकार’ लिहीत नाही, ‘वरचे लोक’ लिहितात. मग दिवसभर वरच्या लोकांबद्दलच बोलणं चालतं. बायकांना मात्र तेव्हा कट्ट्यावर घेत नसत. बचत बहुतेक त्यांनी केलेली असते. चर्चा पुरुष करतात.

माझे मालक डॉक्टर सुभाषचंद्र देवस्थळी. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत. ट्रान्सफॉर्मरच्या तेलावर त्यांनी प्रबंध लिहिलाय, आणि त्यातलं एक वाक्य चुकलं असावं अशी शंका त्यांना अजून येते. कट्ट्यावर त्यांनी आजवर एक शब्द लिहिला नव्हता. फक्त हात जोडलेलं चित्र. कुणी वारलं तरी तेच, कुणाला नातू झाला तरी तेच.

माझा जन्म मतमोजणीच्या आदल्या दिवशी सकाळी झाला. कारण पराग. हा कट्ट्यावरचा तरुण सभासद, म्हणजे पन्नाशीचा. जन्म झाशीतला, त्यामुळे मराठी समजतं पण बोटांतून हिंदी येतं. त्याने लिहिलं, “अंदर की बात है. वरचे लोग बदलणार. बदले तो पोस्ट का पैसा अटकेगा. मी तर सब निकालके चाँदी घेतोय.”

त्यावर सुभेदार रामकृष्ण घाग यांचं उत्तर आलं. सुभेदारांनी आयुष्यात कुठल्याही हुकमावर दुसरा विचार केलेला नाही. “ठीक है. सावित्रीचे पोस्टातले आजच मोडतो. चाँदी ही चाँदी.”

सावित्रीबाई म्हणजे सुभेदारांच्या पत्नी. वर्षानुवर्षं छावणीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून त्यांनी ते पैसे साठवले होते, आणि या हिवाळ्यात त्यातून दोन्ही गुडघे बदलून घ्यायचे ठरले होते. हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तेरा जणांनी अंगठा वर केला.

सुभाषचंद्र खुर्चीत ताठ बसले, आणि मी जन्मलो.

‘रामकृष्णराव, पोस्टातले पैसे मोडू नका.’

एवढाच होतो मी. सडपातळ, देखणा. पण मालकांना मी उद्धट वाटलो. त्यांनी मला ‘असं मला वाटतं’ हे शेपूट लावलं. मग ‘अर्थात मी या विषयातला तज्ज्ञ नाही’. मग ‘सरकार कोणतंही आलं तरी पोस्ट जागेवरच राहील’. इथे ते थांबले.

“शशी, ‘जागेवर’ म्हणजे इमारत, असा कुणी अर्थ घेतला तर?”

शशिकलाबाई मटार सोलत होत्या. “अहो, पाठवा!”

“नाही, म्हणजे भूकंपाचा विचार केला तर इमारतीबद्दल खात्रीने…”

“झाशीत कुठला भूकंप? आणा इकडे तो फोन.” त्यांनी मटाराच्या बोटाने मला पाठवून दिलं.

काय सांगू! क्षणभर मी उजेडात होतो. हिरव्या चौकटीत, वेळेसकट. तेवढ्यात मालकांना माझ्या पोटातला ‘सरकार’ हा शब्द दिसला. नियम मोडला! सगळ्यांना कचोरी! आणि कचोरीने कुणाला त्रास झाला तर? त्यांचा अंगठा माझ्यावर आला. ‘फक्त माझ्यासाठी’ की ‘सगळ्यांसाठी’, असं विचारलं गेलं. ते उदार आहेत. त्यांनी सगळ्यांसाठी पुसलं.

मला कुणीही वाचलं नव्हतं. मला वाटलं, संपलो. पण माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

“डॉक्टरसाब ने कुछ लिखा था!” परागने पहिला दगड मारला.

“लिहिलं? सुभाषरावांनी?”

“लिखके मिटाया. पढ़े-लिखे आदमी हैं, यूँ ही नहीं मिटाते.”

“दिल्लीहून काही कळलं असेल.”

“आमच्या पलटणीत जो बोलायचा नाही, त्यालाच सगळं माहीत असायचं,” सुभेदारांनी लिहिलं.

मालकांनी घाईने ‘काही नाही’ असं लिहून पाठवलं. मग त्यांना वाटलं, हे तर खोटं आहे. काहीतरी होतं. म्हणून त्यांनी तेही पुसलं. अशा रीतीने मला धाकटा भाऊ झाला.

आता कट्ट्यावर हाहाकार माजला. दोन पुसलेले मेसेज! एकाने सोसायटीतली ठेव काढायला निघाल्याचं कळवलं. दुसऱ्याने विचारलं, चांदीची भांडी चालतील का. मी तिथे करड्या रंगात पडून ओरडत होतो, “अरे, मी उलटं सांगत होतो!” पण पुसलेल्याला आवाज नसतो. माणसांची ही गंमत मला तेव्हा कळली. लिहिलेलं ती वरवर वाचतात आणि पुसलेलं अगदी मन लावून वाचतात.

शेवटी सुभेदारांनी लिहिलं, “समझ गया. पोस्ट बुडतंय. सावित्रीला घेऊन निघालो.”

मालकांनी फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. सुभेदारांना सगळेच फोन करून चांदीचा भाव विचारत होते.

“मी पुन्हा लिहू का? जरा नीट मुद्दे काढून?”

शशिकलाबाईंनी मटाराचं ताट बाजूला ठेवलं. “त्या बाईला जिना चढताना पाहिलंय तुम्ही? बसून चढते ती. एकेक पायरी. लिहिताय कसले, जा!”

मालक गेले. खरंच गेले. बंडीवर कोट चढवला, सदरा राहिला, आणि ई-रिक्षात बसले. मी फोनसकट त्यांच्या खिशात होतो, म्हणून सगळं सांगू शकतो. वाटेत ते मला पाठ करत होते. रिक्षावाला वळून वळून बघत होता. “बाबूजी, कोई मंत्र है का?”

सदर बाजाराच्या पोस्टात सुभेदार रांगेत उभे होते, छाती पुढे काढून, हातात पासबुक आणि पैसे काढायचा फॉर्म. सावित्रीबाई बाकावर बसून गुडघे चोळत होत्या. मालक दोघांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. घसा खाकरला. आणि त्यांनी मला मोठ्याने म्हटलं. शेपटासकट, सगळा.

“रामकृष्णराव, पोस्टातले पैसे मोडू नका, असं मला वाटतं. अर्थात मी या विषयातला तज्ज्ञ नाही. सरकार कोणतंही आलं तरी पोस्ट जागेवरच राहील. जागेवर म्हणजे…”

“भावजी, थांबा,” सावित्रीबाई म्हणाल्या. “कुणाचे पैसे मोडतायत हे?”

सुभेदार छताकडे बघू लागले.

“अहो, मला तर म्हणालात, हयातीच्या दाखल्याची सही आहे!”

“पहले सुनो तो. पराग म्हणतो, चांदी…”

“परागला म्हणावं, मग चांदीचेच गुडघे बसवून दे. चालताना वाजतील तरी, घरात कोण आलं ते कळेल!” त्यांनी सुभेदारांच्या हातून पासबुक ओढलं, बाकावर ठेवलं आणि त्यावर बसल्या. “आता काढा.”

सीमेवर उभा राहिलेला माणूस. पण त्या बाकावर हल्ला करायची त्यांची हिंमत झाली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “दादा, निकालने हैं तो निकालो, नहीं तो हटो.” सुभेदार हटले. मालकांना ‘जागेवर म्हणजे’च्या पुढचं सांगायचं होतं, पण कुणी विचारलं नाही. परतताना ते रिक्षात स्वतःशीच हसत होते. मग थांबले. बहुधा हसण्याचं कारण पुरेसं आहे का, ते तपासत असावेत.

मतमोजणी झाली. वरचे लोक जे व्हायचे ते झाले. दुसऱ्या दिवशी पोस्ट वेळेवर उघडलं.

सावित्रीबाईंचे गुडघे त्या हिवाळ्यात बदलले. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पहिली मागणी केली, “मला घ्या त्या तुमच्या कट्ट्यावर. माझे पैसे कुठे चाललेत ते मला कळू दे.” सुभेदारांनी हुकूम पाळला. आता पराग ‘अंदर की बात’ लिहायला लागला की लगेच खाली येतं, ‘कुणी सांगितलं? नाव लिही.’ पराग हल्ली गुलाबाची फुलं पाठवतो.

कट्ट्यावर नवीन येणाऱ्याला जुने मेसेज दिसत नाहीत. म्हणजे ज्यांना मी रोज दिसतो, त्यांना मी काय होतो ते धड माहीत नाही. आणि ज्या सावित्रीबाईंनी मला ऐकलं, त्यांना मी कधीच दिसणार नाही. याचं मला आधी वाईट वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही. अर्थात माझी चूकही होत असेल.

तुम्हाला एकच विनंती. लिहून पुसावंसं वाटलं तर खुशाल पुसा, आम्हाला सवय आहे. पण निरोप कामाचा असेल, तर पुसल्यावर उठा, पायात चपला घाला आणि जाऊन सांगून या. सदरा घालायला वेळ नसेल तरी चालेल.