अकरा दुरुस्त्या

तिने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुन्हा खोडलं. पहिल्या उत्तरात शिवी होती. दुसऱ्यात नव्हती, पण वाचणाऱ्याला ती बरोबर ऐकू आली असती.

समोर पडद्यावर 'टिटवी' या टोपणनावाने आलेला निरोप होता. टिटवी म्हणजे बाई की बुवा, राहते कुठे, कोणालाच ठाऊक नव्हतं. खरी विमानं चालवायला शिकवते, एवढं तिनेच कधीतरी सांगितलं होतं. संगणकावर विमान उडवायचा हा सिम्युलेटर चाळीसेक हौशी माणसं मिळून फुकट बनवत. कोड सगळ्यांसाठी उघडा. ज्याला वाटेल त्याने वाचावा, चुका काढाव्यात, जमल्यास दुरुस्त कराव्यात. चुका काढणारे अर्थातच जास्त होते. त्यातलं दोन आसनांचं छोटं विमान तिच्या वाट्याला आलेलं. ते हवेत कसं वागेल, जमिनीला कसं टेकेल, हे ती ठरवायची. आणि टिटवीने सगळ्यांदेखत लिहिलं होतं:

"तुमचं विमान माझे विद्यार्थी डोळे मिटून उतरवतात आणि खऱ्या धावपट्टीवर येऊन आपटतात. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक नुसतं म्हणतात. तुम्ही तर कोणाला तरी नाचता यावं म्हणून अंगणच वाकवून दिलंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाला तरी म्हणजे बाबांनाच की. बाबा तीस वर्षं हेच विमान चालवत होते. ती स्वतः त्यात बसली की अर्ध्या तासात ओकायला पिशवी मागायची. त्यामुळे बाबांचा शब्द हेच तिचं मोजमाप होतं. दर रविवारी चहा झाला की ते तिच्या खुर्चीत बसत, दोन-तीनदा विमान उतरवत आणि निकाल देत. "फार लवकर खाली बसतंय. खरं विमान जरा दम धरतं." ती लिहून घ्यायची, बुधवारपर्यंत आकडे बदलायची. एरवी बापलेकीचं बोलणं औषधं आणि गळका नळ यांच्यापुढे जात नसे. रविवारचा तो तास तिला फार आवडायचा, आणि ही कोण कुठली टिटवी त्यात चोच घालत होती.

पुरावाच तोंडावर फेकावा म्हणून तिने जुन्या बदलांची यादी उघडली. कोडमध्ये कोणी, कधी, काय आणि का बदललं याची नोंद तिथे राहते. तीन वर्षांत अकरा दुरुस्त्या. प्रत्येकीपुढे तिच्याच हातचं कारण: 'वैमानिकाच्या सांगण्यावरून.' पहिल्या चार तिने वकिलाच्या तोऱ्यात वाचल्या. सहावीपाशी तिचं बोट थांबलं.

अकराच्या अकरा एकाच बाजूला झुकलेल्या होत्या. विमान उशिरा टेकतंय, अशी तक्रार एकदाही नव्हती.

मग तिने कारखान्याची माहितीपुस्तिका काढली आणि जे तीन वर्षांत एकदाही केलं नव्हतं ते केलं, मोजलं. चाकं टेकण्याआधी दांडी हलकेच मागे ओढावी लागते. ज्याचा हात उशिरा उठतो त्याचं विमान आपटतं. पुस्तिकेतल्यापेक्षा तिचं विमान आता जमिनीलगत जवळजवळ दोन सेकंद जास्त तरंगत होतं. उशीर करणाऱ्या हाताला तिने दोन सेकंद बहाल केले होते.

राग गेला नाही. त्याला फक्त बसायला जागा उरली नाही. टिटवीवर तो धरता येईना, आणि बाबांवर धरावा तर आपलेच दात, आपलेच ओठ. दुसऱ्यांच्या कोडमधला एक स्वल्पविराम तपासल्याशिवाय न सोडणारी ती, बाप म्हणाला म्हणून अकरा वेळा मान डोलावून बसली होती. स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं तिला वाटलं.

बाहेरच्या खोलीतून आवाज येत होते. बाबा आणि तिची नऊ वर्षांची लेक ठकी जमिनीवर नकाशा पसरून बसले होते. उद्या सकाळी दोघं क्लबच्या विमानातून डोंगररांगेपलीकडच्या धावपट्टीवर जाणार होते. दोनशे किलोमीटर जायचं, तिथे डबा खायचा, संध्याकाळच्या आत परत. ठकीने लाल पेन्सिलीने रेघ मारून प्रत्येक नदीवर आणि पुलावर किती वाजता पोचणार ते लिहिलं होतं. दोन आसनांपैकी एक तिचं. महिन्यापूर्वी आईने होकार दिला तेव्हा मोठ्या कौतुकाने दिला होता.

तिने अकराही दुरुस्त्या मागे घेतल्या. मिनिटभरही लागलं नाही. मग दारातून हाक मारली.

"बाबा, जरा एकदा उतरवून बघता का?"

बाबा आले, चष्मा पुसून बसले. विमान झोकात खाली आलं आणि धाडकन आपटलं. दुसऱ्यांदा पुढचं चाक मोडलं. तिसऱ्यांदा बाबांनी ओठ घट्ट मिटून, पाठ ताठ करून प्रयत्न केला, आणि पडदा लाल झाला.

आता ते भडकणार, कोणी बिघडवलं म्हणून विचारणार, हे ती धरून चालली होती. तिनेही दारूगोळा भरून ठेवला होता. बाबांनी दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"आता बरोबर झालंय," ते म्हणाले. "खरं विमान असंच करतं."

"कधीपासून?"

"झाली की तीन वर्षं."

क्लबात त्यांनी चाकाचा दांडा खराब आहे म्हणून सांगितलं होतं. मिस्त्रीने तो दोनदा बदलला. तब्येतीच्या दाखल्यावर डॉक्टरचा शिक्का होता, विचारणारं कोणी नव्हतं. हे सगळं त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं.

"मग मला अकरा वेळा खोटं का सांगितलंत?"

"इथे नीट उतरायचं. मग वाटायचं, तिथे वाऱ्यामुळे झालं असेल."

"आणि पोरीला नेणार होतात." तिचा आवाज चढला नाही, फक्त जाड झाला. "माझ्या पोरीला शेजारी बसवून. वाऱ्यामुळे."

तिला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. त्यांनी निदान भांडावं तरी, असं वाटलं. ते बसल्या जागी इतके आक्रसले होते की राग धरायलाही तिला काही सापडेना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

तेवढ्यात नकाशाची गुंडाळी घेऊन ठकी दारात आली. उद्या किती वाजता उठायचं, पाचला की साडेपाचला, असं तिने विचारलं.

बाबांनी लेकीकडे पाहिलं नाही. नातीकडे पाहून म्हणाले, "उद्याचं रद्द गं. तुझी आई नको म्हणतेय."

ती थक्क होऊन बघत राहिली. घशाशी आलेलं सगळं बोलून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. ते खरं असतं, आणि पोरीने ते जन्मभर लक्षात ठेवलं असतं. बाबांची मान खाली होती. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ठकी आईकडे वळली. "तू नको म्हणालीस?"

"हो."

"का पण?"

"मला भीती वाटते म्हणून."

"तू आहेसच भित्री," ठकी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आजोबा कधीच घाबरत नाहीत."

दार आपटून ती निघून गेली. बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर करून त्यांना गप्प केलं.