त्याला लव म्हणत नाहीत

दोघींपैकी कुणीच बोलत नव्हते. न्हाणीघराच्या उंबऱ्यात सुचित्राबाई घडी घातलेले टॉवेल छातीशी धरून उभ्या होत्या. टबच्या काठावर त्यांची मुलगी उर्वी सलवार गुडघ्यांपर्यंत गुंडाळून बसली होती. तिची एक पोटरी साबणाने पांढरी झालेली, दुसरी नुकतीच धुतलेली. उर्वीने एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर तिच्या आईपाशी नव्हते. मी उर्वीच्या उजव्या हातात होतो. माझ्या टोकाला फेसाचा एक थेंब लोंबत होता आणि त्यालाही पडावेसे वाटत नव्हते.

जुना, जड, पितळी अंगाचा दाढीचा रेझर, मित्रांनो, तो मी. आजचे रेझर हलके असतात. चार दिवस वापरून ते कचऱ्यात जातात. मला वितळवले, साच्यात ओतले, घासले आणि वर चांदीसारखा चकचकीत मुलामा चढवला. माझ्या मुठीचा तळ फिरवला की माथ्यावरची दोन झाकणे दारांसारखी उघडतात. आत पाते ठेवायचे, तळ उलटा फिरवायचा, दारे मिटतात. वस्तू म्हणून जन्माला येणाऱ्याला आपले घर निवडता येत नाही. मला जे मिळाले त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे थोडे उदासही सांगावे लागेल.

मला विकत घेतले ते गिरीशने. नागपूरचा हा मुलगा ॲरिझोनात शिकायला आला होता. शिक्षण संपवून तो चँडलरच्या चिपच्या कारखान्यात लागला. तिथे धुळीचा कणसुद्धा चालत नसे. दाढी असलेल्यांना हनुवटीवर जाळी बांधून आत जावे लागे आणि गिरीशला त्या जाळीत गुदमरल्यासारखे होई. म्हणून रोज सकाळी, वाळवंटावर ऊन चढण्याआधी, मी त्याच्या गालांवरून फिरत असे. "हा आहे म्हणून मी मोकळ्या तोंडानं काम करतो," असे तो पाहुण्यांना सांगायचा. ते माझे कौतुकाचे दिवस होते. सुचित्राबाई पुण्याहून लग्न करून या घरात आल्या तेव्हाही मी कपाटात मानाच्या जागी होतो.

त्यांच्या पोटी एक मूल झाले. सगळ्यांनी त्याला मुलगा समजले. ते मूल कॉलेजला जायचे झाले त्या उन्हाळ्यात गिरीशने मला त्याच्या हातात ठेवले. बापाचा आवाज अभिमानाने जड झाला होता. मुलाचा हात थंड होता. पुढची कितीतरी वर्षे त्या हाताने मला वापरले. पण वापरताना आरशात कधी पाहिले नाही. बोटांनी चाचपत, डोळे मिटून, अंधारात जिना उतरावा तसे ते मूल स्वतःच्याच चेहऱ्यावरून उतरत असे. मी पितळेचा असलो तरी मला ती मिटलेली पापणी जाणवत होती.

मग एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने सांगितले की ती मुलगी आहे आणि तिचे नाव उर्वी. गिरीशने पानातली पोळी संपवली, हात धुतले आणि इंजिनियरच्या सवयीने आधी वस्तूंची व्यवस्था लावली.

"तुझ्याकडचा रेझर राहू दे तुझ्याकडेच."

"बाबा, आता मला तो कशाला?"

"दोन्हीकडून सारखीच धार आहे त्याला. कुणालाही चालतो."

उर्वी रडता रडता हसली. त्या माणसाच्या शब्दकोशात त्या दिवशी एवढेच वाक्य सापडले. पण ते मला आजही माझ्या मुलाम्याहून चकचकीत वाटते.

सुचित्राबाईंना वेळ लागला. त्या फोन उचलत, जेवलीस का विचारत आणि ठेवून देत. उर्वी वेगळ्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेली होती. हॉर्मोन्स सुरू झाल्यावर तिच्या हातापायांवरचे केस विरळ झाले. चेहऱ्यावरचे तिने लेझरने काढून टाकले. माझे मुख्य काम संपले. मी सिंकखालच्या कप्प्यात पडून राहिलो. या भागातले पाणी फार जड, त्याचा पांढरा थर माझ्या अंगावर चढला आणि झाकणे घट्ट बसली. उपयोग संपला म्हणजे आपण संपलो, असे तेव्हा वाटायचे. मित्रांनो, ते खरे नव्हते.

एक दिवस सुचित्राबाई स्वतःहून आल्या. सोबत निळी पाचवारी साडी होती. खिडकीपाशी उभे करून त्यांनी उर्वीला निऱ्या घालायला शिकवल्या. दुपारचे ऊन तिच्या हातावर पडले होते आणि त्या उन्हात बारीक सोनेरी केस दिसत होते. सुचित्राबाईंनी त्यावरून बोट फिरवले.

"किती छान लव आहे गं."

उर्वी गहिवरली. "आय लव्ह यू टू, आई."

"काय?"

"तू म्हणालीस ना आत्ता."

"अगं बाई, लव म्हणजे हे. हातावरचे हे मऊ केस. त्याला मराठीत लव म्हणतात."

दोघी इतक्या हसल्या की निऱ्या सुटल्या. अमेरिकेत जन्मलेल्या मुलीनेच ही चूक करावी. तेव्हापासून लव हा तिचा लाडका शब्द झाला. आईने दिलेला, चुकून दोन भाषांत खरा ठरलेला.

मला पुन्हा बाहेर काढले तेही त्याच सुमारास. उर्वीने मला व्हिनेगरमध्ये भिजवले, जुन्या टूथब्रशने घासले, नवे पाते घातले. आता तिचे पाय माझ्याकडे होते. आणि आणखी एक काम, जे ती दार लावून, सावकाश, स्वतःशी गुणगुणत करायची. ते काम म्हणजे जांघेतल्या केसांच्या कडा तेवढ्या नीट करायच्या. आतले जसे आहे तसे राहू द्यायचे. त्या वेळी तिचा हात थंड नसायचा आणि डोळे उघडे असायचे. त्या उघड्या डोळ्यांसाठी मी कुणाचे आभार मानावेत ते मला कळत नाही. म्हणून सगळ्यांचेच मानतो.

एका रविवारी दुपारी तिच्याकडे दोन मैत्रिणी आल्या. केया टेक्ससमध्ये वाढलेली, आता इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट. दुसऱ्या निवृत्त डॉक्टर; उर्वी लहानपणी त्यांना काका म्हणायची. साठीनंतर त्यांनी नीला हे नाव घेतले आणि उर्वीने एका दिवसात काकाचे मावशी केले. तिघी जन्माने मुलगे समजल्या गेलेल्या, तिघी बायका. केया हात धुवायला आली आणि तिला मी दिसलो.

"हा काय म्युझियममधून आणलास? काय करतेस याने?"

"पाय. आणि, यू नो, कडा."

"ओह. मी तर सगळंच काढलं. माझ्या सर्जननं ऑपरेशनआधी सांगितलंच होतं, पण नसतं सांगितलं तरी केलं असतं. मला ते नकोच होतं यार."

"मला ऑपरेशनही नको आणि लेझरही नको," बाहेरून नीलामावशी म्हणाल्या. "पांढऱ्या केसांवर लेझर चालतही नाही. मी आपली कात्री वापरते. चष्मा लावून."

"चष्मा लावून?"

"मग काय अंदाजानं करू?"

केया दाराला टेकून हसत राहिली. मग उर्वीकडे वळली. "पण तू का ठेवतेस? जज नाही करत हं, फक्त विचारतेय."

उर्वीने थोडा विचार केला. "शाळेपासून मी अंगावरच्या प्रत्येक केसाचा राग केला. जे नको होते ते एकेक करून गेले. हे राहिले. एक दिवस लक्षात आलं, यांचा मला राग येतच नाहीये. आवडतात मला. म्हणून राहिले."

"छान. तीन बायका, तीन हजामती," मावशी म्हणाल्या. "आता चहा कोण ठेवतंय?"

एवढेच झाले. कुणी कुणाला पटवले नाही. एकीचे गुळगुळीत, एकीचे कातरलेले, एकीचे राखलेले. आणि कुठलेच दुसरीसाठी मोजमाप नव्हते. मी चहाच्या वासात बुडून त्या तिघींचा आवाज ऐकत राहिलो.

मग उर्वीचे लग्न ठरले. मुलगा शंतनू, टेक्ससमधल्या प्लेनोचा, भरघोस दाढीवाला. म्हणजे माझ्या धंद्याला अगदीच निरुपयोगी. लग्नासाठी उर्वी आईबाबांच्या घरी राहायला आली आणि मीही माझ्या जुन्या न्हाणीघरात परतलो. सुचित्राबाई आनंदाने नुसत्या धावत होत्या. मुलीची आई म्हणून जे जे करतात ते सगळे त्यांना करायचे होते, एकही गोष्ट न गाळता. ज्या वर्षांत त्या गप्प राहिल्या होत्या ती वर्षे त्यांना बांगड्या, मेंदी आणि केळवणांनी भरून काढायची होती. आणि म्हणूनच ते घडले.

त्या दिवशी उर्वी मला घेऊन टबवर बसली होती. सुचित्राबाई टॉवेल ठेवायला आल्या.

"पाय कशाला करत बसलीस? शनिवारी दीपाच्या पार्लरमध्ये बुकिंग केलंय. ब्रायडल. हात, पाय, सगळं. तिनं विचारलं, खालचंही का? मी म्हटलं, हो, अगदी पूर्ण."

उर्वीचा हात थांबला. "आई, ते नको. ती लव राहू दे."

"त्याला लव म्हणत नाहीत."

"मग मराठीत काय म्हणतात?"

मित्रांनो, हीच ती शांतता, जिच्यातून मी बोलायला सुरुवात केली. सुचित्राबाईंना शब्द ठाऊक नव्हते असे नाही. पण एक शिवीसारखा होता, एक दवाखान्यातला. मुलीच्या हातात ठेवता येईल असा एकही नव्हता.

"सांग ना," उर्वी हळूच म्हणाली. "तोपर्यंत मी लवच म्हणणार."

"शब्दात काय आहे? तुला चांगलं दिसावं म्हणून करतेय ना मी." त्यांचा आवाज दुखावला होता. "सगळ्याच मुली करतात लग्नाआधी. तुझ्यासाठी काही कमी राहायला नको."

"कमी काय राहणार आहे? मी काढलं तर जास्त बाई होणार आहे का?"

"असं मी म्हटलं का कधी? आणि शंतनूला काय वाटेल?"

"त्याच्या दाढीचं मी ठरवते का?"

सुचित्राबाईंना हसू आले होते, पण त्यांनी ते आवरले. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. उर्वीने पाणी घेऊन पोटरीवरचा साबण धुतला आणि मला बेसिनवर ठेवले.

"आई, तू मला साडी नेसवलीस त्या दिवशी मला वाटलं, आता मला काही सिद्ध करायचं नाही. हे केलं तर ते पुन्हा सुरू होईल. माझ्या अंगातलं हे एक मी स्वतः ठरवलंय. नको घेऊस."

हे ती रागाने म्हणाली नाही. तिच्या आवाजात विनवणी होती, आणि मला भीती वाटली. कारण विनवणी नाकारली गेली तर तिच्यामागे परतायला जागा नसते.

इथे थोडा थांबून मला एक मागणे मागायचे आहे, मित्रांनो. माझ्यासारख्या वस्तूला जपा असे मी सांगणार होतो. पुसून, कोरडे करून ठेवा, असे. पण माझे आयुष्य माझ्या मुलाम्यात नव्हतेच. ते मला धरणाऱ्या हातात होते. मी एका पुरुषाचा रोजचा सोबती होतो, एका घाबरलेल्या मुलाची शिक्षा होतो आणि एका बाईची मर्जी झालो. धार तीच, पाणी तेच. फरक एवढाच की शेवटी मला वापरण्याआधी तिने स्वतःला विचारले. ज्याचे अंग, त्याला विचारा. प्रेमाने काही करायला निघाला असाल तर आधी विचारा. एवढी काळजी घेतलीत तर माझ्या झिजण्याचे मला दुःख नाही.

सुचित्राबाई बोलू लागल्या तेव्हा त्या मुलीकडे पाहत नव्हत्या. फरशीकडे पाहत होत्या.

"माझ्या लग्नाआधी सुवर्णामावशीनं मला आतल्या खोलीत नेलं. दार लावलं. गरम मेण होतं. मी म्हटलं, मावशी, भाजतंय. ती म्हणाली, सहन कर, सगळ्यांचं असंच असतं. आई बाहेर पापड लाटत बसली होती. तिला ठाऊक होतं." त्यांनी टॉवेलची घडी उगाच सारखी केली. "मला कुठे कुणी विचारलं होतं? तरी झालंच ना सगळं नीट."

"मी विचारते," उर्वी म्हणाली. "तुला हवं होतं का, आई?"

सुचित्राबाईंनी वर पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही क्षण एक तरुण मुलगी दिसली, जिला मी कधी भेटलो नव्हतो. त्यांनी सगळ्यांत वरचा टॉवेल उर्वीच्या ओल्या गुडघ्यांवर टाकला, बाहेर पाऊल ठेवले आणि दार अगदी हलकेच, आवाज न करता, ओढून घेतले. मग त्यांची पावले पॅसेजमधून दूर गेली आणि तिकडून त्यांचा फोनवरचा आवाज आला, "दीपा, शनिवारचं ते पूर्ण नको; हात-पाय तेवढे पुरे."