बिडीवरचा उतारा

पंचफुलाबाईच्या गोळ्या फळीवरून गायब झाल्या, त्या दिवशी जानेफळचा बाजार होता. पहाटे उठून मेथी खुडायची, जुड्या बांधायच्या, मग दिवसभर बाजारात बसून राहायचं. गोळी घेतल्याशिवाय तिचे गुडघे हे करूच द्यायचे नाहीत.

"माह्या गोळ्या कुठी गेल्या हो?"

"उकिरड्यावर टाकल्या," तिचे यजमान शंकरराव बिडीचा धूर सोडत म्हणाले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिवस बिडी आणि मोबाइल या दोन गोष्टींत जायचा. "दुखण्याच्या गोळ्यायनं फुप्फुसाचा कॅन्सर होते. हे पाह्य, ग्रुपवर आलं."

पंचफुलाबाईने त्यांच्या तोंडाकडे बोट केलं. "अन् तुमच्या तोंडात काय आहे? अगरबत्ती?"

"बिडीचं वेगळं आहे. बिडी आंगाले सवयीची झाली."

ती तशीच बाजारात गेली. संध्याकाळी शेजारच्या संघपालने हात धरून तिला ऑटोतून उतरवलं. दुसऱ्या दिवशी तिने नवीन पाकीट आणलं आणि आपल्या लुगड्यांच्या पेटीत ठेवलं.

पुढे काही दिवसांनी शंकरराव भलत्याच गोड आवाजात म्हणाले, "मनालीची माय, तुह्यापाशी गोळ्या आहेत काय?"

"कायले? फेकाले?"

"नाई वं. मले घ्याच्या आहेत. परदेशात पाह्यलं म्हणते त्याईनं. जे लोक दुखण्याच्या गोळ्या रोज खातात, त्याईले फुप्फुसाचा कॅन्सर कमी होते. आता मी बिडीवर गोळी घेत जातो. उतारा होते."

"मांगं त म्हणत होते, गोळीनंच होते!"

"ते जुनं झालं. सायन्स पुढे जाऊन राह्यलं."

"इतकं भेव आहे त बिडी सोडा ना!"

"बिडी सोडली त मंग गोळी कायले लागते?" शंकररावांनी हे असं विचारलं, जणू समोरच्या बाईला साधी गोष्ट कळत नव्हती.

तिने गोळ्या दिल्या नाहीत, तर त्यांनी स्वतःच आणल्या. सकाळी उपाशीपोटी काळ्या चहासोबत एक, संध्याकाळी एक, आणि खोकला जास्त झाला की मध्येच आणखी एक. पोटात आग पडायला लागली तेव्हा सोडा प्यायला लागले. पंचफुलाबाईने चिखलीला मुलीला फोन लावला. मनाली तिथे शाळेत शिकवायची. ती बापावर फोनवरच ओरडली.

"बाबा, असं कोन्या डॉक्टरनं सांगतलं तुम्हाले?"

"तू पोरायले मराठी शिकवतं. तुले यातलं काय समजते?" म्हणून शंकररावांनी फोन ठेवला.

एका सकाळी ते संडासातून आले आणि भिंतीला धरून खालीच बसले. चेहरा पांढराफटक, कपाळाला घाम. पंचफुलाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा हळूच म्हणाले, "दोन दिवसापासून काळं होऊन राह्यलं. डांबरासारखं."

"दोन दिवस? अन् आता सांगता?"

"तू ओरडली असती."

ती तेव्हाही ओरडलीच. ओरडत ओरडतच तिने संघपालला गाडी काढायला लावली आणि नवऱ्याला मेहकरच्या दवाखान्यात नेलं. पोटात जखम होऊन रक्त जात होतं. नळी घालून तपासलं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या. तिसऱ्या दिवशी शंकरराव उशीला टेकून बसले, तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेजवळ आल्या.

"शंकरराव, या गोळ्या कशासाठी घेत होता?"

त्यांनी सगळा उतारा समजावून सांगितला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"यावर अभ्यास झालेत, हे खरं. कुठे थोडा फायदा दिसला, कुठे काहीच दिसला नाही. खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. म्हणून फुप्फुसासाठी या गोळ्या घ्या, असं कोणी डॉक्टर सांगत नाही. गोळीने पोटात जखम होते, ते मात्र तुम्ही पाहिलंच. आणि बिडीबद्दल कुठलीच शंका नाही. तिने कॅन्सर होतो."

शंकररावांनी थोडा विचार केला. "म्हंजे फायदा होतच नाई, असंही पक्कं नाई ना?"

पंचफुलाबाईने कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "आणि मावशी, तुम्हीसुद्धा रोज रोज या गोळ्या घेऊ नका. गुडघ्यांसाठी व्यायाम दाखवते, दुसरं औषध देते."

नवऱ्यापायी आपल्यालाही बोलणी बसली, याचा तिला आणखीच राग आला.

दवाखान्यात काढलेला छातीचा फोटो चांगला निघाला. घरी आल्यावर शंकररावांनी तो उजेडात धरला. "पाह्य, फुप्फुस साफ! इतके वर्ष बिडी पेली, काही झालं?" दुपारी ते गोठ्यामागे गेले आणि धूर वर आला.

पंचफुलाबाईने दोन लुगडी पिशवीत भरली, बुद्धवंदना म्हटली आणि बाहेर पडताना सांगितलं, "मी मनालीकडे चालली. तुमच्यामांगं दवाखान्यात बसाची ताकत नाई माह्यात. बिडी सुटली त या."

त्यांना वाटलं, दोन दिवसांत येईल. ती आली नाही. मनालीच्या घरी ती गुडघ्यांचे व्यायाम करायची आणि नवऱ्याचा फोन आला की "बिडी?" एवढंच विचारायची. तिकडून बडबड सुरू झाली की फोन ठेवून द्यायची.

महिना होत आला तेव्हा शंकरराव चिखलीला आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, सूर चिडका. "सुटली नाई. कमी झाली. जेवल्यावर एक लागतेच. तोंड कडू होते, झोप येत नाई, कोनावरही खेकसतो. एकट्यानं नाई जमून राह्यलं मले."

इतक्या वर्षांत हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तिचा राग गेला नाही, पण तिने ताट वाढलं.

"उद्या बुलढाण्याले जाऊ. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवाले मदत करतात म्हणते मनाली."

"ते काय करतीन? गोळ्याच देतीन ना?"

"देतीन त डॉक्टर देतीन," पंचफुलाबाई म्हणाली. "तुमचा ग्रुप नाई देनार. जेवा आता."

शंकररावांनी भाकरी मोडली.