पुंजाराम मास्तरांची मोडी वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. माझ्या पाठीवरचं कापड विरलंय, कोपरे कसरीनं खाल्लेत. शाई मात्र अजून काळीभोर आहे. माझा कागद कागजीपुऱ्याचा, चिंध्या कुटून हातानं केलेला. औरंगाबादेत निजामुद्दीन जिल्दसाजानं मला शिवलं. तेव्हा आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता.

मला घ्यायला पुंजाराम मास्तर आले. ते छावणीजवळच्या मिशन शाळेत शिकवायचे.

"इतनी मोटी? यात लिहिणार काय, मास्तर?" निजामुद्दीननं विचारलं.

"चुका," मास्तर म्हणाले. "आमच्याच धर्मातल्या जुन्या लोकांच्या."

पाद्रीसाहेबांच्या कपाटात ख्रिस्ती धर्माचा एक इंग्रजी इतिहास होता. तो वाचून मास्तर माझ्यात मराठीत लिहीत. हात भरभर चालावा म्हणून मोडी लिपीत लिहीत. युरोपात पाचसहाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या धर्मसभा भरत. खरा विश्वास कोणता ते सभेचे पंच ठरवीत. वेगळं बोलेल तो पाखंडी. कॉन्स्टन्स नावाच्या गावी अशीच सभा भरली होती. यान हुस नावाच्या उपदेशकाला सम्राटाचं अभयपत्र देऊन तिथं बोलावलं आणि शेवटी जाळलं. हे लिहिताना मास्तरांचा टाक माझ्यावर दाबला जाई. ती खूण अजून बोटाला लागते.

दर रविवारी उपासना झाली की मास्तर मोठ्या माणसांचा वर्ग घेत आणि मला वाचून दाखवत. चतुराबाई नावाची म्हातारी अगदी पुढं बसायची. हुसची हकीकत ऐकून तिनं विचारलं, "मास्तर, त्याची माय जित्ती व्हती का तवा?" विचारता विचारता तिनं माझ्या पानावरून हात फिरवला. तिच्याइतक्या प्रेमानं माझ्याकडं कुणीच पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस मास्तर पाचोडच्या बाजाराला गेले असताना बद्रीनाथ मुन्शी घरी आले. ते मिशनचं दप्तर सांभाळत आणि मोडी जाणत. मास्तरांच्या पत्नी सारजाबाई पाणी आणायला आत वळल्या, तेवढ्यात मुन्शींनी मला उघडलं. पंच, पाखंडी, जाळलं असे शब्द त्यांना दिसले. एक वाक्य चिठ्ठीवर उतरवून त्यांनी मला होतं तसं ठेवलं. मी सगळं पाहिलं, पण मला तोंड कुठं होतं?

ती चिठ्ठी पाद्रीसाहेबांकडं गेली आणि पुढच्या रविवारी वर्गाला निम्मीच माणसं आली. मास्तर दिसले की बोलणारे पांगत. चौथ्या दिवशी ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी मास्तरांना बोलावलं आणि मलाही.

"हे वाक्य तुमचं?" पाद्रीसाहेबांनी चिठ्ठी वाचली. "मोठी सभा बसली म्हणून तिचं म्हणणं खरं ठरत नाही."

"माझंच. पण आधीची चार पानं वाचली तर..."

"आमच्यावरच लिवलंय हे!" कारभारी नावाचे वयस्क पंच म्हणाले. "आमाला मोडी येत नाय म्हनून व्हय?"

"साहेब, माझ्याविरुद्ध कुणी सांगितलं?"

"ते सांगता येणार नाही," पाद्रीसाहेब म्हणाले.

मास्तर बदलून वाचतील असा पंचांना संशय. म्हणून मला बद्रीनाथांच्या हाती दिलं. ते वाचू लागले, "त्या काळी धर्माचे न्यायाधीश चौकशी करत, तेव्हा साक्ष कुणी दिली ते आरोपीला..." आणि थांबले.

"पुढं?"

"पुढचं अक्षर लागत नाही," बद्रीनाथ म्हणाले.

मित्रांनो, ते अक्षर स्वच्छ होतं: 'कधीच सांगत नसत.'

पंचांनी सांगितलं, लिहिलं ते खोटं, असं लिहून द्या; नाहीतर नाताळच्या आत शाळा आणि मिशननं राहायला दिलेली खोली दोन्ही सोडा. मास्तर हळूच म्हणाले, "झालेली गोष्ट मी खोटी कशी म्हणू?" त्यांनी सही केली नाही.

घरी आल्यावर मात्र त्यांच्या मनात संशय शिरला. ते वाक्य वर्गातूनच बाहेर गेलं असणार. पुढं बसून सारखं विचारायचं कोण? चतुराबाई! ती दारात भाकरी घेऊन आली तेव्हा मास्तरांनी शेजाऱ्यांदेखत सांगितलं, "आता काय न्यायला आलीस? जा." म्हातारीनं भाकरी ओट्यावर ठेवली आणि ती निघून गेली. बद्रीनाथ समोरच्या रस्त्यावर उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

दोन दिवसांनी ते आले. "चतुराबाईंनी काही केलं नाही, मास्तर. चिठ्ठी माझी होती. वही द्या मला. पुरी उतरवून साहेबांना देतो."

"आता सबंध वहीच नेऊन जाळायची असेल," मास्तर म्हणाले.

सारजाबाई मधे पडल्या. "पंचांनी तुमच्यावं संशय घेतला, तुमी म्हातारीवं घेतला, आता ह्यांच्यावं. कुठवर घ्यायचा? द्या त्यान्ला."

बद्रीनाथांनी मला सगळ्यांना वाचता येईल अशा बाळबोध अक्षरात उतरवलं, आधीच्या चार पानांसकट. खाली लिहिलं, 'याविरुद्ध सांगणारा मी, बद्रीनाथ. तेव्हा एकच पान वाचलं होतं.' पाद्रीसाहेबांनी आठवडाभर ती नक्कल ठेवून घेऊन सगळी वाचली. मास्तरांची शाळा राहिली, खोली राहिली. पंचांनी वर्ग मात्र पुन्हा भरू दिला नाही. मग लोक ती नक्कलच घरोघरी वाचू लागले आणि मी पेटीच्या तळाशी गेले.

पेटीत जाण्याआधी मास्तर मला काखेत घेऊन चतुराबाईच्या दारी गेले होते. "चुकलो, बाई," म्हणाले. तिनं त्यांना बसायला पोतं टाकलं. तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "पंचायचं सोडा, मास्तर. पर तुमी तरी मला एकडाव इचारायचं व्हतं."

मास्तरांनी मला काखेतून काढून खाली ठेवलं आणि तिला हात जोडले.

मित्रांनो, जुनी वही हाती आली तर तिला ऊन दाखवा, वाळवीपासून जपा. पण वहीच्या आधी माणसाला जपा. कुणाविषयी मनात काही आलं, तर आधी त्याच्या दारी जा आणि त्यालाच विचारा.