शंभरावी गादी

“मोजे खर्चात धरता येणार नाहीत,” असं म्हणत करसल्लागार बाईंनी पावती बाजूला सारली.

गादीवाल्याचा चेहरा पडला. दुकानात गिऱ्हाइकाला गादी दाखवायची म्हणजे दिवसातून वीसदा बूट काढून स्वतः आडवं व्हायचं, आणि समोरच्याची नजर आधी तळपायांकडेच जायची. फाटक्या मोज्यांवर कधी गादी खपली आहे? पण मोजे सगळेच घालतात, असं बाईंचं म्हणणं. गिऱ्हाइकांच्या घरी पलंग मोजायला जाण्याचं बसभाडं आणि मापाची टेप मात्र त्यांनी खळखळ न करता मान्य केली.

मुळात कराच्या कागदपत्रांच्या नावानेच तो घाबरत आला होता. पगार दुकानाचा, पण वर्षात शंभर गाद्या विकल्या की गादी कंपनी थेट त्याच्या खात्यात इन्सेंटिव्ह टाकायची. ते बक्षीस, त्यावर कसला कर, अशी त्याची भाबडी समजूत. तेही उत्पन्नच, ते दाखवावंच लागतं, फार तर ते मिळवायला झालेला खर्च वजा होतो, हे बाईंनी आल्याआल्याच ऐकवलं होतं. बक्षीस तर कधीच उडून गेलं होतं.

शेवटची पावती मोठी होती. वर्षाच्या अखेरच्या दिवशी गाडं नव्याण्णववर अडलं, तेव्हा शंभरावी गादी या पठ्ठ्याने स्वतःच विकत घेतली होती.

“ही गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलीय का?” बाईंनी विचारलं. “नमुना असेल तर खर्चात बसेल. कर निम्म्यावर येईल.”

नमुना आहे, अशीच तर त्याने आईला थाप मारली होती. विकत आणली म्हटलं असतं तर तिने आल्या पावली परत पाठवली असती, म्हणून कंपनीचा नमुना आहे, कधीही नेतील, असं सांगितलं. झालं भलतंच. लोकांची वस्तू, डाग पडायला नको, म्हणून आईने प्लास्टिक काढूच दिलं नाही. दुखरी कंबर घेऊन ती कडेला अंग चोरून झोपायची, आणि कूस बदलली की प्लास्टिकच्या आवाजाने दचकून उठायची. नव्याण्णव घरांना झोप विकायची आणि शंभराव्या घरात हा प्रकार, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

“कोण झोपतं हिच्यावर?” बाईंनी पेन उचललं.

“आई झोपते,” तो म्हणाला. “घरची आहे. नका धरू.”

बाईंनी पावतीवर आडवी रेघ मारली, शेजारी ‘घरगुती’ लिहिलं आणि ती परत केली. पुरा कर भरून, खिसा रिकामा करून तो शीळ घालत दुपारीच घरी आला.

आईने पावती दोनदा वाचली. आधी एवढ्या पैशांबद्दल आणि मग थापेबद्दल तिने त्याची यथासांग हजेरी घेतली. शेवटी बोट त्या शब्दावर ठेवून म्हणाली, “म्हणजे न्यायला कुणी येणार नाही?”

“कोण येतंय. कर भरून आलोय हिच्यावर.”

तिने स्वतःच कात्री आणली. प्लास्टिक कापलं, पुढेमागे लागेल म्हणून घडी घालून ठेवलं, आणि गादीवर आडवी झाली. तो सवयीने सुरू झाला: खाली तीन थर आहेत, पहिला थर कमरेला आधार देतो.

दुसऱ्या थरापाशी त्याच्या लक्षात आलं, आई झोपली होती. गादीच्या अगदी मधोमध, हातपाय पसरून.